पोयण्यांचा लांबलेला हिवाळा

आज सकाळी शाळेत जाताना पांझरेच्या पुलावर स्कूटरच्या हँडलवरची बोटं बधिर झाली, तेव्हा कळलं की थंडी आली. काल दुपारी वर्गात पंखा चालू होता. धुळ्यातल्या आमच्या देवपुरात तिचं असंच असतं. पुण्यामुंबईकडच्या लोकांना खानदेश म्हटलं की ऊन आठवतं, केळी आठवतात, डोळ्यांतून पाणी काढणारी शेवभाजी आठवते. पौषातल्या सकाळी आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेतलं, तर माणसाच्या तोंडून कुलदैवताचं नावसुद्धा धड निघत नाही, हे त्यांना सांगून खरं वाटत नाही. राज्यात सगळ्यात कमी तापमान धुळ्यात अशी बातमी आली, की आमचे लोक ती एकमेकांना अशा थाटात ऐकवतात, जणू पारा त्यांनीच खाली ओढून आणला.

पुलाखालून धूर येत होता. कुणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजत असावं. हिरव्या पाठीची ती जाडजूड वांगी फुटताना जो वास सुटतो, तो नाकात गेला की खानदेशी माणसाला हिवाळ्याची तारीख लागत नाही. मला मात्र त्या वासातून दरवर्षी एकच हिवाळा आठवतो. त्या वर्षी होळी उलटून गेली तरी आमच्या घरातली थंडी गेली नव्हती. बाहेरची गेली होती, घरातली नाही.

घर म्हणजे माझे सासरे नाना, सासूबाई, म्हणजे आई, माझा नवरा योगेश आणि मी. नाना बसस्थानकावर कंट्रोलर होते. आयुष्यभर त्यांनी गाड्या कुठल्या फलाटावर लागणार हे भोंग्यातून सांगितलं. निवृत्त झाल्यावर भोंगा गेला, आवाज राहिला. जेवण तयार झालं की ते गॅलरीतून जाहीर करायचे. पाहुणे निघाले की कुठल्या दिशेने निघाले हे गल्लीला कळायचं. बाकी काम काही नव्हतं. पेपर वाचून झाला की ते पेपरातल्या जाहिराती वाचायचे आणि त्याही झाल्या की आईंच्या स्वयंपाकाकडे लक्ष द्यायचे. त्यामुळे आई देवाकडे रोज मागत असत की यांना काहीतरी उद्योग दे. देवाने दिला, पण तो पोयण्यांचा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पोयणं म्हणजे आपण ज्याला वॉटर लिली म्हणतो ते. निळसर फूल, पाण्यावर बसल्यासारखी गोल पानं. अक्कांच्या तोंडी पोयणं हाच शब्द. अक्का म्हणजे नानांच्या थोरल्या बहीण. गाव दोघांचं शिंदखेड्याकडचं, पण अक्का दिल्या रावेर तालुक्यात, केळीवाल्यांच्या घरात. त्यांच्या मळ्यात विहिरीला लागून सिमेंटचा हौद होता. त्यांच्या यजमानांनी कुठल्याशा तळ्यातून पोयण्याची दोन मुळं आणून त्या हौदात टाकली होती. पुढे हौद असा भरला की पाणी दिसेना. यजमान गेले. मुलगा प्रवीण सुरतेला कापडाच्या कारखान्यात नोकरीला. शेत पुतण्याने कसायला घेतलं आणि हौद पाडून तिथे ठिबकची यंत्रणा बसवायची ठरली. प्रवीण आईला न्यायला आला. अक्कांनी जाताना कपडे नेले, देव नेले, आणि एक झाकणाची बादली.

ती बादली नानांनी ताब्यात घेतली नरडाण्याच्या स्टेशनवर. भुसावळहून सुरतेला जाणारी गाडी तिथे थांबते म्हणजे फक्त श्वास घेते. योगेश नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला, त्यामुळे तो आणि नाना गाडीच्या वेळेला फलाटावर उभे होते. अक्का दारात आल्या. बादली खाली दिली. डोळे पुसले. ती पोयणी सांभाळ, माझी सुरतेत सोय झाली की नेईन, असं म्हणाल्या. गाडी हलली तशा त्या दांडीला धरून मोठ्याने सांगायला लागल्या, "आनि थंडीमा..." पुढचं गाडीच्या आवाजात गेलं. उभ्या जन्मात गाडीच्या आवाजावर आवाज चढवून बोललेले नाना एवढं एकच वाक्य ऐकू शकले नाहीत. तरी त्यांनी हात वर करून समजलं, समजलं, अशी खूण केली. एकदा समजलं म्हटल्यावर पुन्हा फोन करून विचारणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

आईंनी कपडे भिजवायचा मोठा काळा टप गमावला तो त्या दिवशी. नानांनी तो गच्चीवर नेला, तळाशी नदीकाठची माती घातली, पोयणी लावली, पाणी भरलं. दिवाळीनंतरचं कोवळं ऊन होतं. पानं पसरली, एक फूलही आलं. सकाळी शाळेत जायच्या आधी मी वर जायची तेव्हा ते उमलत असायचं आणि नाना खुर्ची टाकून शेजारी बसलेले असायचे. मी आल्याचं बघून ते खालच्या आवाजात सांगायचे की आता उघडतंय. एवढ्या हळू आवाजात नाना बोलू शकतात हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तेव्हा कळलं. अक्का दर रविवारी व्हिडिओ कॉल करायच्या. त्यांचा पहिला प्रश्न माणसांबद्दल नसायचा. "दखाड ना," म्हणायच्या, आणि मी फोन टपावर धरायची. नुसत्या बघत राहायच्या, एवढा वेळ की माझा हात भरून यायचा.

मग थंडी पडली. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. नवं पान आलं ते रुपयाएवढं, आणि वर यायचं सोडून पाण्यातच थांबलं. नाना सकाळी टपात बोट बुडवून बघायचे आणि असा चेहरा करायचे की जणू तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावलाय. मी भूगोल शिकवते. त्यांनी मला विचारलं की ही थंडी कधी जाईल. मी उत्तरेकडच्या वाऱ्यांबद्दल काहीतरी सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पुन्हा विचारलं की पण जाईल कधी.

त्यांनी टपाला गोधडी गुंडाळली. गोधडीने पाणी शोषलं आणि टप आणखी गार झाला. मग त्यांच्या डोक्यात आलं की घरात सगळ्यात उबदार जागा म्हणजे न्हाणीघर. रोज सकाळी गिझरच्या वाफेने तिथला आरसा दिसेनासा होतो. एका रविवारी योगेशने आणि मी तो टप चिखलपाण्यासकट जिन्यावरून खाली आणला. नाना पुढे चालत दिशा सांगत होते. टप न्हाणीघरात बसला आणि एक माणूस उभा राहील एवढी जागा उरली, बसायची मात्र नाही.

त्या आठवड्यात आमचं घर कसं चाललं हे आठवलं की मला वर्गात शिकवता शिकवता हसू येतं. साबणाचा फेस टपात उडता कामा नये असा नियम झाला. योगेश भल्या सकाळी मोटरसायकलवरून नरडाण्याला जायचा. तो भिंतीला चिकटून, एका हाताने पाणी घेत, दुसऱ्या हाताने अंग चोळत अंघोळ करायचा आणि बाहेर आला की मानेला साबण तसाच असायचा. आईंची अडचण वेगळीच होती. त्यांचं माहेर एरंडोलजवळचं. पद्मालयाच्या गणपतीच्या तळ्यातली कमळं बघत त्या वाढलेल्या. हे कमळ नव्हे, पोयणं आहे, असं नाना परोपरीने सांगत होते, पण आईंच्या लेखी पाण्यात उगवतं आणि पाकळ्या असतात म्हणजे ते लक्ष्मीचं. लक्ष्मीच्या आसनासमोर अंघोळ कशी करायची? शेवटी त्यांनी जुन्या साडीचा पडदा लावला. पडदा ओला झाला की अंगाला चिकटायचा, आणि रोज सकाळी आतून त्यांच्या दचकण्याचा आवाज यायचा. पोयण्यांना मात्र या सगळ्याचा काही उपयोग नव्हता, कारण तिथे ऊन कुठून येणार? पानं पिवळी पडली. टप पुन्हा गच्चीवर गेला. मग नानांनी पाणी तापवायची विजेची कांडी टपात सोडायचा बेत केला. आईंनी ती कांडी काढून आपल्या कपाटात ठेवली, किल्ली कमरेला खोचली, आणि मला सांगितलं की लक्ष्मी जाईल ती जाऊ दे, पण मला माझा नवरा ठेवायचाय.

संक्रांतीपर्यंत टपात पान म्हणून राहिलं नाही. काळं पाणी, त्यावर एक कबुतराचं पीस. नानांनी गच्चीवर जाणं सोडलं. जेवण तयार झाल्याचं जाहीर करणंही सोडलं, आणि गल्लीतल्या लोकांनी मला विचारलं की नानांची तब्येत बरी आहे ना.

याच दिवसांत ते एकदा कुणाला न सांगता पद्मालयाला जाऊन आले. आईंना वाटलं, देवाला साकडं घालायला गेले. प्रसाद घेऊन आले, तो देवघरात ठेवला, आणि मग म्हणाले की मी तळं बघायला गेलो होतो. तिथेही थंडीने पानं वाळून पाण्यात गेली होती, फूल एकसुद्धा नव्हतं. तळ्याकाठी बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं की ती झोपलीत. हे सांगताना नानांना बरं वाटत होतं, पण पूर्ण नाही. देवाच्या तळ्यातली झोपली असतील. आपल्या टपातली झोपली की गेली हे कोण सांगणार?

प्रश्न रविवारचा होता. अक्कांचा फोन यायचा आणि नाना तो स्वतः घ्यायचे, खाली खोलीत, दार लोटून. "आते झोपेल शे ते," असं सांगायचे. कधी पाणी बदललंय, कधी वर माकडं आलीत, कधी गच्चीवर रेंज नाही. देवपुरात माकडं मी तरी पाहिलेली नाहीत. अक्का हो हो म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, म्हातारीला किती सहज फसवता येतं. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. अक्का नेहमी एकाच भिंतीसमोर बसून बोलायच्या. मी एकदा म्हटलं, अक्का, घर दाखवा की, बाल्कनी कशी आहे? त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी दाखवते, आता ऊन आहे.

माघात शिंदखेड्याकडे नात्यातलं एक लग्न निघालं आणि अक्का आल्या. नाना त्यांना नरडाण्याहून घेऊन आले. येताना वाटेत त्यांनी अक्कांचे गुडघे कसे आहेत याची फार चौकशी केली असावी, कारण घरात आल्या आल्या ते आम्हाला सांगू लागले की अक्काला जिना चढायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलंय का, असं आईंनी विचारलं. नाना म्हणाले, मी सांगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेले तर अक्का नव्हत्या. गच्चीचं दार उघडं होतं. मी वर पोचले तेव्हा नाना माझ्या मागून धापा टाकत आले. अक्का टपाशी उभ्या होत्या, डोक्यावरून शाल घेऊन. काळ्या पाण्यात बघत होत्या. खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडत होता, तो गेला. नाना मान खाली घालून उभे राहिले. बसस्थानकावर हजार माणसांच्या शिव्या ऐकून न हललेला माणूस, पण त्या वेळी त्यांचा हात कठड्यावरून सरकत होता, धरायला काही मिळत नसल्यासारखा.

अक्का त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "मन्हं बी मरी गयं, भाऊ."

मग सगळं बाहेर आलं. बादली देताना अक्कांनी सगळी मुळं दिली नव्हती. थोडी मागे ठेवली होती, पदरात बांधून. सुरतेला गेल्या गेल्या त्यांनी बाल्कनीत कुंडी मांडली आणि लावली. बाल्कनीला ऊन नव्हतं, पाणी गार, मुळं कुजली. मुलाला आणि सुनेला दिसू नये म्हणून त्यांनी ती कुंडी सिमेंटच्या पिशवीने झाकून ठेवली होती. म्हणून फोनवर भिंत. आणि म्हणून दर रविवारी पहिला प्रश्न. त्यांना वाटत होतं, आपली गेली तरी भावाकडची आहेत. नाना झोपलीत म्हणायचे त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता, कारण न ठेवून चालणार नव्हतं.

नाना कठडा सोडून टपाशी आले. मग त्यांनी विचारलं की त्या दिवशी गाडीतून थंडीचं काय सांगत होतीस? मला ऐकू आलं नाही. त्या एका वाक्यासाठी सगळं गेलं.

अक्का आठवायला लागल्या. आठवल्यावर म्हणाल्या, "मी म्हनत व्हतू, थंडीमा मफलर बांधत जाय. तुले खोकला व्हस."

पोयण्यांबद्दल काहीच नव्हतं. मळ्यात त्या पोयण्यांसाठी थंडीत काय करायच्या असं नानांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या की काही नाही. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, ते हौदात पडत राहायचं. त्यांना कधी काही करावं लागलंच नव्हतं. यावर नाना हसायला लागले. आधी बारीक, मग त्यांच्या जुन्या आवाजात, आणि समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन वर बघायला लागली. अक्काही हसल्या आणि हसता हसता शालीने डोळे पुसत खुर्चीवर बसल्या.

हसू आईंना ऐकू गेलं. त्या वर आल्या, परिस्थिती पाहिली आणि म्हणाल्या, की मेली ना, मग माझा टप मला द्या. आई भावनेत अडकणाऱ्या बाई नव्हेत. शिवाय अक्का त्यांच्या नणंद. आदल्या रात्रीच्या वांग्याच्या भरतात शेंगदाणे जास्त पडले की कमी यावरून दोघींत अजून तह व्हायचा होता. आईंनी कडेला हात घालून टप कलता केला. काळं पाणी गच्चीवरून वाहत गेलं, चिखल पसरला. आईंनी तो खराट्याने ओढला आणि थांबल्या. खाली वाकून त्यांनी बोटांनी काहीतरी उचललं. म्हणाल्या, यात सुपाऱ्या कुणी टाकल्या?

काळ्या, खडबडीत, सुपारीएवढ्या गाठी. पोयण्यांचे कंद. अक्का खुर्चीवरून उठल्या त्या गुडघे विसरून. एक एक कंद घेऊन त्यांनी अंगठ्याने दाबला. काही मऊ निघाले, दाबताच घाण वास आला. पण काही दगडासारखे कडक. नखाने जरा खरवडलं तर आत पांढरंशुभ्र. आम्ही चौघं त्या चिखलात उकिडवे बसलो आणि मूग निवडावेत तसे ते निवडले. आईंनीही निवडले. त्या रविवारी आमच्या घरी दुपारपर्यंत स्वयंपाक झाला नाही आणि ते कुणी जाहीरही केलं नाही.

अक्कांना तिथल्या तिथे लावायचे होते. लग्न झालं की त्यांना परत जायचं होतं. सुरतेत तसं लावल्यावर काय झालं ते त्यांना माहीत होतं, पण माणसाला जायची घाई असली की माहीत असलेलंही चालतं. नाना म्हणाले, नाही. थंडी जाईपर्यंत ओल्या वाळूत ठेवायचे, पाणी कोमट व्हायला लागलं की लावायचे. आणि तू असल्याशिवाय मी लावणार नाही. मी एकदा मारलीत. अक्का म्हणाल्या, मग थंडी किती दिवस? नाना म्हणाले, सांगतो.

प्लास्टिकच्या डब्यात ओली वाळू घालून कंद त्यात ठेवले आणि डबा आईंनी आपण होऊन देवघराखालच्या कप्प्यात ठेवला. न्हाणीघरात झालेल्या अपमानाची भरपाई असावी.

लग्न झालं. थंडी होती. अक्का राहिल्या.

महाशिवरात्र आली. आमच्याकडे म्हणतात की शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते. त्या वर्षी ती गेली. दुपारी मी शाळेतून यायची तेव्हा स्कूटरची सीट तापलेली असायची. घरात मात्र नाना सकाळी पुन्हा भरून ठेवलेल्या टपात बोट बुडवून सांगायचे की अजून गार आहे. प्रवीणचा फोन आला की नाना त्याला हवामान सांगायचे. मी भूगोलाची शिक्षिका, माझ्यासमोर ते उत्तरेकडच्या वाऱ्यांबद्दल सांगायचे, मीच सांगितलेलं, माझ्याकडे न बघता. होळी झाली. गल्लीत सगळ्यांचे पंखे सुरू झाले. आमच्या समोरच्या खोलीत नाना कानटोपी घालून बसायचे आणि कानटोपीखालून घाम गालावर यायचा. कुणी पंखा लावायला गेलं तर अक्का म्हणायच्या, नको, माझे पाय गारठतात. त्यांच्या पायांवर गोधडी असायची. गोधडीच्या आत त्या कागदाने वारा घेतात, हे मी एकदा पाहिलं.

एकदा मी त्यांना विचारलं. गच्चीवर आम्ही दोघीच होतो. सुरतेत काही त्रास आहे का, असं मी जरा घाबरतच विचारलं. त्यांनी नदीकडे तोंड केलं. "तठे बठ्ठा चांगला शेतस. पन दिवसभर बोलनं कोनासंगे?" तिथे सगळे चांगलेच आहेत, म्हणत त्यांनी प्रवीणची बाजू घेतली. तो आणि सून दोघं सकाळी कामाला जातात, रात्री दमून येतात, तरी पाय चेपतात. चौथा मजला. शेजारच्या दारावर कुलूप. खाली उतरावं तर जमीन सगळी फरशीची. असं सगळं सांगून त्या म्हणाल्या, पण राहायचं मुलाकडेच असतं. इथे किती दिवस राहणार? भावजयीला जड होतं.

भावजय म्हणजे आई. त्यांच्याबद्दल मला खात्री नव्हती. नाना आणि अक्का यांचं नाटक त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असणार. सगळ्यात जास्त उकडत होतं ते त्यांना, चुलीशी. त्या काही बोलत नव्हत्या, आणि आई बोलत नाहीत तेव्हा काय होईल हे सांगता येत नाही.

मग बिबड्यांचे दिवस आले. बिबड्या म्हणजे ज्वारीच्या कण्यांचे आमच्याकडचे पापड. कण्या भिजवून, दळून, ते पीठ मोठ्या पातेल्यात आटवत राहावं लागतं. घट्ट झालं की त्यातला लाकडी चाटू एकट्या बाईला फिरवता येत नाही. दरवर्षी मी मदत करते म्हणजे मी मध्ये येते. त्या वर्षी आई पातेलं मांडून बसल्या आणि काही न बोलता दुसरा पाट समोर सरकवला. अक्का गोधडी टाकून उठल्या. दोघी समोरासमोर बसून आळीपाळीने चाटू फिरवत होत्या. तिखट किती, लसूण किती, तीळ घालायचे की नाही, यावर वाद चालूच होता, पण वाद घालता घालता आईंनी अक्कांच्या कपाळावरचा घाम आपल्या पदराने पुसला, कारण अक्कांचे हात पिठाचे होते. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून त्या दोघी बिबड्या घालत गेल्या, आणि उन्हात त्या अशा वाळल्या की दुपारीच उचलाव्या लागल्या. खाली नाना प्रवीणला फोनवर सांगत होते की इकडे फार गारवा आहे. वरून अक्का त्यांना हाक मारत होत्या की भाऊ, त्या बिबड्या उलटायला ये, जळताहेत.

पण टपातल्या पाण्याबद्दल आणखी खोटं बोलणं पोयण्यांच्या जिवावर आलं असतं. तेव्हा नानांनी एका सकाळी पाण्यात बोट घातलं, अक्कांनाही घालायला लावलं, आणि कानटोपी काढली. आम्ही कंद लावले. छोट्या कुंड्यांत माती, वर वाळूचा थर, कोंब जरा उघडा ठेवून, आणि त्या कुंड्या टपात. आधी उथळ पाणी, मग पान येईल तसं वाढवत जायचं. अक्का हात लावत होत्या आणि नाना पाणी ओतत होते, अंगणात रांगोळी घालताना धार सोडावी तसं बारीक. मला वाटलं, संपलं. आता अक्का जातील. त्यांनाही तेच वाटत असावं, कारण त्या दिवशी त्यांनी पिशवी काढून तिची चेन लागते का ते पाहिलं.

नाना म्हणाले, पान यायला हवं. पान आलं. तांबूस, घडी घातलेलं, पाण्यावर येऊन उलगडलेलं. मग नाना म्हणाले, पानाचा काय भरवसा, मागच्या वेळी पानं आलीच होती. फूल बघून जा. प्रवीणलाही तसं कळवलं. तो समंजस मुलगा. त्याने विचारलं, फूल किती दिवसांत येतं? नाना म्हणाले, ते फुलाला माहीत.

आणि मग फूल आलं. एका शुक्रवारी मला सुट्टी होती. ऊन असं होतं की गच्चीवर चप्पल घालून गेलं तरी तळवे भाजत होते. कळी आदल्या दिवशी पाण्याबाहेर मान काढून होतीच. सकाळी ती उघडली. निळा रंग कडेला गडद, आत फिकट होत गेलेला, आणि मधोमध पिवळी बोटं एकत्र धरलेली. अक्का टपाजवळ बसून होत्या. नाना शेजारी. यजमानांनी ती मुळं आणली तेव्हाचं काही अक्कांच्या मनात असेल. त्यांनी एक बोट पानाखाली घालून पान जरा उचललं आणि सोडलं. मी बिबड्यांचा शेवटचा घाणा वाळत घातला होता तो झाकत होते. आई चहा घेऊन वर आल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. प्रवीणचा. फोन कठड्यावर होता, आईंच्या हाताशी. नाना उठायला लागले, पण आईंनी उचललासुद्धा. नानांचा चेहरा उतरला. आई खोटं बोलत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याची झळ प्रत्येकाला लागलेली आहे.

प्रवीण काय विचारतोय ते ऐकू येत होतं. अक्का कशा आहेत, गुडघे कसे आहेत. त्याने रविवारचं तिकीट बघितलंय, गाडीला गर्दी आहे, पण जागा मिळेल. आई हूं हूं करत होत्या. पदराने गळ्याचा घाम पुसत होत्या. मग त्याने विचारलं, मामी, फूल आलं का?

आईंनी टपाकडे पाहिलं. फूल पूर्ण उघडलं होतं. त्यावर एक मधमाशी फिरत होती. अक्का पदराचा शेवट बोटाला गुंडाळत आईंकडे बघत होत्या.

"नाही रे बाळा," आई म्हणाल्या. "इकडे थंडी फार आहे."